बारा म्हणजे ठीक : गॅरेजमधल्या एका वहीचा इतिहास

माझ्यासमोर एक वही आहे. दोनशे पानांची, पुठ्ठ्याच्या बांधणीची, किराणा दुकानात उधारी लिहायला वापरतात तशी लांबट. कडा ग्रीसने काळ्या झालेल्या, मधली काही पाने तेलाच्या डागांनी आरपार दिसू लागलेली. नागपुरातल्या घाट रोड परिसरात चाळीसहून अधिक वर्षे मोटारदुरुस्ती करणाऱ्या एका कारागिराची ही वही. सगळा रस्ता त्यांना उस्ताद म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणतो. नाव छापायचे नाही आणि वही आठ दिवसांत परत करायची, या दोन अटींवर त्यांनी ती माझ्या हाती दिली.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. हिशेब लिहिण्याची नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी जुनी कागदपत्रे धुंडाळतो. जमाखर्चाच्या वह्या वाचायची सवय असल्यामुळे असेल, ही वही पहिल्यांदा चाळताना मला ती तीन वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी वाटली. अक्षर एकच, पण नोंदींची जात तीनदा बदलते. सुरुवातीच्या पानांवर मापे आहेत : पद्मिनीच्या प्लगचा गॅप किती, अ‍ॅम्बेसेडरच्या डेल्कोची कॅप कुठल्या दुकानात चांगली मिळते, जीपच्या क्लचला कुठला स्प्रिंग चालतो. मधल्या भागात एक पान असे आहे :

'मारुती एमपीएफआय. तार लावून लाइट मोजणे. १२ – ठीक. १३ – ऑक्सिजन. १४ – पाणी गरमवाला. २१ – थ्रॉटल. २४ – स्पीड.'

शेवटच्या भागात मापे नाहीत आणि आकडेही नाहीत. तिथे युजरनेम आहेत, पासवर्ड आहेत आणि प्रत्येकापुढे एक तारीख. ती तारीख कसली, हे मी उस्तादांना विचारले. 'व्हॅलिडिटी हो भाऊ,' ते म्हणाले. 'त्या दिवसापर्यंत आपण मेकॅनिक. मंग पैसे भरा, तं पुन्हा मेकॅनिक.'

माप, खूण आणि मुदत. गाडी दुरुस्त करण्याचे ज्ञान कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न या तीन प्रकारच्या नोंदींमध्ये कसा बदलत गेला, ते या लेखात पाहायचे आहे.

पहिल्या भागाचा काळ समजून घ्यायचा तर त्या काळातल्या गाड्या किती कमी बदलत होत्या ते लक्षात घ्यावे लागते. अ‍ॅम्बेसेडर १९५८ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून येणारी फियाट आणि नंतरची पद्मिनी यांचाही सांगाडा दशकानुदशके तोच राहिला. ग्राहकाला हा वैताग होता. गॅरेजवाल्याला मात्र ते वरदान होते. वयाच्या पंधराव्या वर्षी शिकलेली गोष्ट पन्नासाव्या वर्षीही उपयोगी पडत असे. उमरेड, काटोल, रामटेककडून नागपुरात आलेली मुले आधी वर्षभर सुटे भाग रॉकेलमध्ये धूत, मग पाना धरत, मग कधीतरी त्यांच्या हाती कार्बोरेटर येई. दोष ओळखायचे हत्यार म्हणजे कान. लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या अंगावर आणि मूठ कानावर धरायची. आत कुठला बेअरिंग वाजतो, कुठला टॅपेट सैल आहे ते ऐकायचे. प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर हवा जास्त, विटकरी असेल तर बरोबर.

या काळाचे गोडवे गाण्याची एक पद्धत आहे, ती मला पटत नाही. कान पुष्कळदा चुकत असे आणि त्या चुकीचे पैसे ग्राहक भरत असे. कॉइल बदलून पाहू, नाही झाले तर पंप बदलू, असे करत करत गाडी सुरू झाली की त्याला निदान म्हणायचे. शिवाय ज्ञान तेव्हाही कुलपातच होते. उस्ताद स्वतः सांगतात, त्यांचे गुरू कार्बोरेटर ट्यून करायला घेतला की त्यांना चहा आणायला पिटाळत. 'मी पळत जायचो आणि पळत यायचो. एकदा किटली अर्धी सांडली. पण स्क्रू किती फिरवला ते दिसलं.'

वही त्यांनी सुरू केली ती या चोरून पाहिलेल्या गोष्टी लिहून ठेवायला. ते कुलूप नजरेने उघडता येत होते, हे पुढच्या कुलपांशी तुलना करताना ध्यानात ठेवायला हवे. त्यातून ज्याला वाचता येई त्याला पुस्तकांचीही वाट मोकळी होती. नागपुरातूनच निघणारे 'उद्यम' मासिक छोट्या धंद्यांची माहिती घरबसल्या शिकू पाहणाऱ्यांना देत असे. गाड्यांची वर्कशॉप मॅन्युअल सीताबर्डीच्या फूटपाथवर रद्दीच्या भावात मिळत. माझ्याकडे अशी दोन आहेत. ती विकत घेताना मी कुणाचा अधिकृत विक्रेता आहे काय, असे मला कुणी विचारले नाही.

गाडीत संगणक आला तो मेकॅनिकचा धंदा बुडवायला आला, असा घाट रोडवरचा सर्वसाधारण समज आहे. इतिहास वेगळा आहे. तो आला धुरामुळे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजलिसच्या धुरक्याने लोक हैराण झाले होते. नवी गाडी कारखान्यातून स्वच्छ निघते, पण दोन-चार वर्षांनी तिचे सेन्सर बिघडतात, आणि चालकाला काही कळायच्या आत ती धूर ओकू लागते, ही तिथल्या प्रदूषण मंडळाची अडचण होती. उपाय असा निघाला की गाडीने स्वतःच स्वतःवर पाळत ठेवावी आणि बिघाड झाला की डॅशबोर्डवर दिवा लावावा. १९८८ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात हे सक्तीचे झाले. पुढे १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व मोटारींना एकाच घडणीचे सोळा पिनांचे सॉकेट आणि एकाच पद्धतीचे दोषांक लागू झाले. आज ज्याला आपण ओबीडी म्हणतो ती ही व्यवस्था. तिच्यामागच्या १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीत एक कलम असे होते की धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी दुरुस्ती करणाऱ्या कुणालाही द्यावी. कारण उघड होते. रस्त्यावरच्या गाड्यांचा मोठा हिस्सा बाहेरच्या गॅरेजात जातो. तिथल्या कारागिराला दोष वाचता आला नाही तर धूर कमी होणारच नाही. म्हणजे गाडीतल्या संगणकाचे हे पहिले दार कायद्यानेच, आणि मुद्दाम बाहेरच्या मेकॅनिकसाठी, उघडे ठेवले होते.

आपल्याकडेही सुरुवात धुरापासूनच झाली. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात जूनपासून युरो एक आणि पुढच्या एप्रिलपासून युरो दोन पाळणाऱ्याच मोटारींची नोंदणी व्हावी असा आदेश दिला. त्याआधीच्या वर्षी बाजारात आलेल्या सँट्रो आणि मॅटिझमध्ये पेट्रोल फवारणारी, संगणकाने चालणारी इंजिने होतीच. आदेशानंतर बाकीच्यांनीही कार्बोरेटरला निरोप द्यायला सुरुवात केली. नागपुरात हे बदल जरा सावकाश पोचले. पण गाड्या दिल्लीसाठी वेगळ्या आणि नागपूरसाठी वेगळ्या किती दिवस बनवणार? २००० च्या आसपास घाट रोडवर बोनेट उघडले की कार्बोरेटर नसलेली इंजिने दिसू लागली.

उस्तादांनी त्या काळातला प्रसंग सांगितला. एक झेन आली. थंडीत सुरूच होईना. जुन्या सवयीने त्यांनी कॉइल पाहिली, प्लग पाहिले, करंट नीट होता. पेट्रोलही येत होते. दोन दिवस गाडी तशीच उभी. तिसऱ्या दिवशी अधिकृत वर्कशॉपमध्ये कामाला असलेला त्यांचा एक जुना चेला संध्याकाळी चक्कर मारायला आला. त्याने वायरिंगमधला एक छोटा कपलर शोधला, त्याच्या दोन खाचांमध्ये तारेचा तुकडा अडकवला आणि चावी फिरवली. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला. एकदा, मग थोडे थांबून चारदा. पुन्हा एकदा, पुन्हा चारदा. 'चौदा,' चेला म्हणाला. 'पाण्याचा सेन्सर गेला.' सेन्सर बदलला, संगणकाची आठवण पुसली, पुन्हा तार लावली. आता एकदा, मग दोनदा. बारा. दोष नाही, सब ठीक.

वहीतले ते पान त्याच रात्रीचे.

या तारेच्या तुकड्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मला वाटते मोटारदुरुस्तीच्या इतिहासातला हा सर्वांत उदार काळ होता आणि तो फार थोडा टिकला. गाडी आपले दुखणे स्वतः सांगत होती, आणि ऐकायला दहा पैशांची तार पुरत होती. कान चुकतो, दिवा चुकत नव्हता. गुरूने चहाला पिटाळण्याचाही प्रश्न उरला नव्हता, कारण खुणांची यादी एका पानावर मावत होती आणि एका गॅरेजातून दुसऱ्या गॅरेजात हाताने उतरवून जात होती. उस्ताद म्हणतात, त्या यादीच्या त्यांनी स्वतः किमान तीस प्रती वाटल्या. ज्या माणसाने कार्बोरेटरचा स्क्रू चोरून पाहिला होता, त्यानेच. मी कारण विचारले तर त्यांना प्रश्नच कळला नाही. 'लपवायचं काय त्याच्यात? दिवा तं सगळ्यालेच दिसते.'

पुढे दिवा मुका झाला. भारतात १ एप्रिल २०१० रोजी भारत स्टेज चार लागू झाले, त्यासोबत ओबीडीचा पहिला टप्पा आला, आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. स्टेज चारच्या पहिल्या १३ शहरांत महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, नागपूर नव्हते. देशभर सक्ती झाली ती एप्रिल २०१७ मध्ये. तोवर स्टिअरिंगखालचे सोळा पिनांचे सॉकेट घाट रोडला चांगलेच ओळखीचे झाले होते. आता लुकलुकणारा दिवा मोजायचा नव्हता. सॉकेटला स्कॅनर जोडायचा आणि पडद्यावर 'पी०११८' अशासारखा दोषांक वाचायचा. वहीतला चौदा नंबर तो हाच.

या दोषांकाच्या रचनेतच पुढच्या भांडणाचे मूळ आहे. पहिले अक्षर गाडीचा कुठला भाग ते सांगते : पी म्हणजे इंजिन व गिअर, सी म्हणजे चाके-ब्रेक, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे संगणकांचे आपसातले दळणवळण. दुसऱ्या जागी शून्य असेल तर तो जगभर सारखा, प्रमाणित दोषांक. एक असेल तर तो कंपनीचा खासगी. प्रमाणित दोषांक वाचायला हजार रुपयांच्या आतले यंत्रही चालते. एका छोट्या कॅनेडियन कंपनीने या कामासाठी ईएलएम३२७ नावाची चिप बनवली होती. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हते, आणि चीनमध्ये तिच्या इतक्या नकला झाल्या की आज मोबाइलला जोडायचे जे निळे-काळे ठोकळे मिळतात त्यांतले बहुतेक त्या नकलांचेच वंशज आहेत. पण कायद्याने उघडलेले दार धुरापुरते होते. एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, चावीतली चिप, दरवाजे-दिव्यांचा संगणक या सगळ्यांची भाषा कंपनीची स्वतःची, आणि ती बोलणारे सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत केंद्रातच.

त्यातून दुरुस्तीची व्याख्याच बदलली. पूर्वी भाग बदलला की काम संपत असे. आता नव्या भागाची संगणकाशी ओळख करून द्यावी लागते. पुष्कळशा नव्या डिझेल इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरे-आकड्यांचा एक कोड कोरलेला असतो. कारखान्यात मोजलेला त्या इंजेक्टरच्या फवाऱ्यातला सूक्ष्म फरक त्या कोडमध्ये असतो. इंजेक्टर बदलला की तो कोड इंजिनाच्या संगणकात लिहायचा. नाही लिहिला तर नवाकोरा भाग बसवूनही इंजिन थरथरते, धूर मारते. पाना तोच, हात तोच. पण शेवटचे दहा मिनिटांचे काम सॉफ्टवेअरचे.

याचे मला सापडलेले सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन. पुण्याजवळच्या रांजणगावात ते बनत असे आणि फियाट पुंटो, टाटा इंडिका व्हिस्टा यांत बसत असे. मारुतीने परवाना घेऊन तेच हरियाणात बनवले आणि स्विफ्ट डिझेलमध्ये घातले. त्याच घराण्याचे इंजिन तळेगावच्या कारखान्यात बनून शेवर्ले सेलमध्येही गेले. स्टेज सहा आल्यावर, एप्रिल २०२० मध्ये, ते बंद झाले. तोवर देशात त्याला लोक गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणत. आता विचार करा, पाने-पेचकसाच्या काळात हे केवढे भाग्य ठरले असते! एक इंजिन शिका आणि चार कंपन्यांच्या गाड्या दुरुस्त करा. घाट रोडवर लोखंडाच्या बाबतीत तसे झालेही. टायमिंग चेन बसवणारा हात चारही गाड्यांना चालला. पण त्याच इंजिनाला प्रश्न विचारायचा तर चार कंपन्यांची चार सॉफ्टवेअर लागत. लोखंड एक आणि कुलपे चार.

याविरुद्ध भारतात एक मोठा खटला झाला. साहित्याच्या वाचकांपर्यंत त्याची बातमी फारशी पोचली नाही, म्हणून जरा तपशिलाने लिहितो.

जानेवारी २०११ मध्ये शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे होंडा, फोक्सवागन आणि फियाट या तीन कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. या कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधणारी साधने खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला अधिकृत केंद्रातच जावे लागते आणि ते मागतील तो दर द्यावा लागतो, हा तक्रारीचा गाभा. चौकशीत दिसले की हे तिघांपुरते नाही. मग आरोपींची संख्या सतरा झाली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी त्यांतल्या १४ कंपन्यांना आयोगाने एकूण २५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. एकट्या टाटा मोटर्सचा वाटा १३४६.४६ कोटी.

तो निकाल मी सलग तीन रविवार बसून वाचला. त्यात कंपन्यांचा मुख्य बचाव असा : ग्राहक गाडी घेतो तेव्हाच पुढच्या देखभालीचा खर्चही मनात धरतो, त्याला महाग वाटली तर तो दुसरी गाडी घेईल, म्हणून गाडी आणि तिची दुरुस्ती ही एकच बाजारपेठ, आणि त्या बाजारपेठेत आमची कुणाची मक्तेदारी नाही. आयोगाने हे मानले नाही. गाडी घेण्यापूर्वी ग्राहकाला निवड असते. घेतल्यावर तो त्या कंपनीच्या भागांना आणि साधनांना बांधला जातो, कारण होंडाचा भाग फियाटला बसत नाही. म्हणून प्रत्येक कंपनी आपापल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात एकटीच सत्ताधीश आहे, असे आयोगाने ठरवले. बौद्धिक संपदेचा बचावही टिकला नाही. कंपन्यांनी काय करावे, तेही सांगितले : भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळतील अशी व्यवस्था करा, त्यांना प्रशिक्षण मिळू द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका.

कंपन्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असे मात्र मी म्हणणार नाही. अर्धवट शिकलेल्या हाताने एअरबॅगच्या संगणकाशी खेळ केला तर माणूस मरू शकतो. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी दूर बसून, इंटरनेटवरून, रस्त्यावर धावणाऱ्या एका जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला आणि कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर त्या कंपनीने निदानाच्या सॉकेटमागेही इलेक्ट्रॉनिक पहारेकरी बसवला : आधी नोंदणी करा, मग विचारा. कारण खरे होते. पण त्याचा वापर कसा होतो, हाही प्रश्न होताच. युरोपात, जिथे दुरुस्तीची माहिती सर्वांना देण्याचा नियम २००७ पासून आहे, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीला सांगितले की नियमात नसलेल्या अटी घालून स्वतंत्र गॅरेजांची वाट अडवता येणार नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी तर २०१२ आणि २०२० असे दोनदा कौल देऊन हा हक्क कायद्यात आणला. मेकॅनिकच्या स्कॅनरवर निवडणुकीत मतदान! आपल्याकडे महापालिकेच्या निवडणुकीतही कुणी गॅरेजवाल्याची विचारपूस करत नाही.

आपल्या निकालाचे पुढे काय झाले? डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही कंपन्यांच्या अपिलात दोष कायम ठेवला, पण दंड एकूण उलाढालीऐवजी सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजायला सांगितल्याने तो बराच खाली आला. बाकीचे वाद उच्च न्यायालयांत आणि त्याहून वर फिरत राहिले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि तिच्या कक्षेत शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्यासोबत मोटारीही घेतल्या. त्या डिसेंबरात एक पोर्टलही सुरू झाले. उस्तादांना मी हा सगळा घटनाक्रम सांगितला. दोन हजार कोटींच्या दंडाचे ऐकून ते हसले. 'आपल्या रोडवर त्याच्यातलं काय आलं?' त्यांनी विचारले.

घाट रोडवर आले ते दुसऱ्या वाटेने. चिनी बनावटीचे, सर्व कंपन्यांच्या गाड्या वाचू शकणारे टॅब्लेटसारखे स्कॅनर आले. उस्तादांनी २०१६ मध्ये कर्ज काढून एक घेतला. यंत्र एकदाच विकत घ्यायचे, पण त्यातले सॉफ्टवेअर दर वर्षी पैसे भरून ताजे करावे लागते. नाही केले तर यंत्र चालू राहते, नव्या गाड्या मात्र त्याला ओळखू येत नाहीत. वहीतल्या तारखा त्या इथल्या. स्टेज सहा आल्यापासून हा खर्च टाळताच येत नाही. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या काजळीच्या जाळीत काजळी साचते. हायवेवर ती आपोआप जळते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीत साचतच जाते आणि कधी कधी स्कॅनरवरून हुकूम देऊन जाळावी लागते. जुना स्कॅनर असलेल्याच्या हातून ते काम गेले. रस्त्यावरच्या चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक अपडेट भरायचे आणि यंत्र फिरवत ठेवायचे, अशी भिशीसारखी पद्धत मी तिथे पाहिली. ज्याच्याकडे तेही नाही तो गाडी खोलतो, भाग बदलतो आणि शेवटच्या दहा मिनिटांसाठी स्कॅनरवाल्याला फोन करतो. स्कॅनरवाला मोटारसायकलवर येतो, कोड लिहितो, पैसे घेऊन जातो. हातांना ग्रीस न लागणारा हा नवा मेकॅनिक आहे, आणि दिवसाची त्याची कमाई गाडी खोलणाऱ्यापेक्षा बहुधा जास्त असते.

तिसरी वाट चोरीची. तिच्याबद्दल लिहिताना मला स्वतःला वगळता येणार नाही. माझी गाडी ज्या कंपनीची होती ती आता या देशात गाड्या विकत नाही; नाव लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी बॅटरी पूर्ण उतरली आणि नवी टाकल्यावर गाडीने चावी ओळखायचे नाकारले. शहरातले एक केंद्र बंद झालेले, दुसऱ्याने तीन आठवडे फोनवर खेळवले. अखेर घाट रोडवरच्या एका पंचविशीतल्या मुलाने जुन्या लॅपटॉपवर, विंडोज एक्सपीवर चालणारे कंपनीचेच सॉफ्टवेअर उघडले, कुणीतरी कधीतरी कुलूप तोडून वाटलेले, आणि चाळीस मिनिटांत गाडीला चावीची पुन्हा ओळख करून दिली. मी अठराशे रुपये दिले. पावती मागायचे धाडस झाले नाही.

घरी येऊन कायदा वाचला. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५-अ हे कलम आले आहे : हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. हेतूने, हा शब्द महत्त्वाचा. स्वतःच्या गाडीला स्वतःची चावी ओळखायला लावणे हा हक्कभंगाचा हेतू होतो का? अमेरिकेत हाच पेच पडला तेव्हा २०१५ मध्ये गाड्यांच्या दुरुस्तीसाठी कुलूप उघडण्याला स्पष्ट सूट दिली गेली. आपल्या कायद्यात मोटारीचा असा वेगळा उल्लेख नाही. तो मुलगा माझ्या दृष्टीने गुन्हेगार नाही. पण त्याला हे काम शटर अर्धे ओढून करावे लागते.

जुनी कागदपत्रे जमवणारा म्हणून मला आणखी एक काळजी आहे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली. तळेगावचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात थंडावला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. दोघांनीही सेवा चालू ठेवण्याचे आश्वासन दिले होते. पण विकणे थांबवलेल्या गाड्यांचे सॉफ्टवेअर ताजे ठेवण्यात कुणाला किती वर्षे रस राहणार? पद्मिनीचे मॅन्युअल माझ्या कपाटात आहे आणि वाळवीने खाल्ले नाही तर शंभर वर्षे राहील. २०१४ च्या गाडीचे मॅन्युअल एका सर्व्हरवर होते, वर्गणी भरून पाहायचे होते, आणि फूटपाथवर ते कधीच येणार नाही. त्या गाड्यांच्या दुरुस्तीचे ज्ञान जिथे प्रत्यक्ष शिल्लक आहे ती जागा म्हणजे त्या मुलाचा एक्सपीवाला लॅपटॉप. कुठल्याही संग्रहालयाने तो मागितलेला नाही. मागितला तर ताब्यात घ्यायला कायदेशीर अडचण येईल, ते वेगळेच.

उस्तादांचा मुलगा आयटीआय करून आता एका अधिकृत वर्कशॉपमध्ये लागला आहे. तिथे तो दिवसभर गाडीला कंपनीचा लॅपटॉप जोडतो आणि पडद्यावर जे पाऊल सांगितले जाईल ते टाकतो. कमाई बरी आहे, वर एसी. तो नोकरी सोडेल त्या दिवशी त्याचे लॉगिन बंद होईल; वडिलांच्या वहीसारखे काही त्याच्याकडे नाही, कारण लिहून ठेवण्याजोगे त्याच्या हाती काही येतच नाही, असे तो मला म्हणाला. हे सांगताना त्याला वाईट वाटत होते असेही नाही. 'बाबांसारखं कान लावून बसायला वेळ कुठे आहे काका? दिवसाला बारा गाड्या काढायच्या असतात.'

वही परत करायचा दिवस रविवारचा ठरला होता, पण शुक्रवारीच उस्तादांचा फोन आला. मला वाटले, अट मोडली की काय. तसे नव्हते. स्कॅनरमधून लॉगआउट झाले होते, पासवर्ड शेवटून तिसऱ्या पानावर होता आणि दारात एक आय-टेन उभी होती. मी पान उघडून फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवले. 'मोठा एस, मग दोन, मग...' पलीकडून त्यांनी दाबलेल्या बटणांचे बारीक आवाज येत होते. थोडा वेळ शांतता, मग ते म्हणाले, 'उघडलं. ठेवा आता.'